टोळीनें हिंडणारा श्वान

मेजाभोंवतीं चारपांच मित्र बसतात, एक जण पंच होतो, बाकीचे एकेका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतात आणि फांशांच्या दानांवर त्या व्यक्तींचें बरेंवाईट ठरतें. असा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याच घराण्यांतील ‘गॅमा वर्ल्ड’ हा खेळ जेम्स वॉर्ड व गॅरी जॅकेट यांनीं १९७८ सालीं बाहेर आणला. चोविसाव्या शतकांतील युद्धानें सुधारलेलें जग नष्ट झालें आहे आणि त्याच्या अवशेषांत विकृत प्राणी हिंडत आहेत, अशी त्याची पार्श्वभूमि आहे. अशा कृतीस वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. परंतु ज्या पुस्तकांत प्राणी शब्दांनींच उभा करावयाचा असतो, त्याला वाङ्मयाची कसोटी लावण्यास हरकत नसावी.

त्या पुस्तकांत ‘आर्क’ नांवाची श्वानमानवांची एक जात आहे. या आर्कांना माणसाचे हात फार रुचतात, असें तेथें सांगितलें आहे. दुसरा कोणताहि अवयव असता तर तो नुसता बीभत्स रस झाला असता. पण हात! ज्या हातानें भाकरीचा तुकडा टाकला, पाठ थोपटली आणि गळ्यांत पट्टाहि बांधला, तोच हात! मनुष्य आणि कुत्रा यांचा हजारों वर्षांचा संबंध या एका तपशिलांत उलटा होऊन उभा राहतो. ग्रंथकारांस तो अर्थ अभिप्रेत होता कीं नाहीं, कोण जाणे. कृतींत तो आहे, एवढें आम्हांस पुरे.

दुर्दैव असें कीं, याच आर्काला हवामान फिरविण्याची, स्पर्शावांचून वस्तु हालविण्याची आणि दुसऱ्याची जीवनशक्ति शोषून घेण्याची, अशा एकावर एक सिद्धि बहाल केल्या आहेत. ज्याला वादळ उठवितां येतें, त्या कुत्र्याला टोळीची गरजच काय? टोळी हा एकट्याच्या दुर्बळपणावरचा उपाय आहे. एकेकाचें बळ वाढवीत गेलें कीं टोळीचें भय त्याच मापानें उतरतें. हर्मन म्युलर यांनीं १९२७ सालीं क्ष-किरणांनीं फळमाशींत उत्परिवर्तनें घडवून आणलीं; अशा उत्परिवर्तनांपैकीं हितकारक क्वचितच असतात, हें आतां सर्वश्रुत आहे. अर्थात् खेळाला शास्त्राच्या कोठडींत डांबावें, असें आमचें म्हणणें नाहीं. धातूचें रबर करणारे ससे त्याच पुस्तकांत आहेत आणि ते आम्हांस मनापासून आवडतात, कारण तेथें विनोदाचा हेतु उघड आहे.

या संदर्भांत जॅक लंडन यांच्या १९१२ सालच्या ‘द स्कार्लेट प्लेग’ या कादंबरीची आठवण होते. महामारींतून वांचलेला एक म्हातारा, पूर्वीचा इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक, कातडीं नेसलेल्या आपल्या नातवांना जुन्या जगाची हकीकत सांगतो आणि तीं पोरें त्याच्या भाषेची टिंगल करतात. (आमच्या धंद्यांतील माणसानें हीं पानें एकट्यानें वाचलेलीं बरीं.) तो सांगतो कीं, लहान व नाजूक कुत्रीं इतर कुत्र्यांनींच मारून टाकलीं, फार मोठीं रानांत टिकलीं नाहींत आणि शेवटीं मध्यम आकाराचीं, लांडग्यासारखीं, टोळीनें हिंडणारीं कुत्रींच उरलीं. येथें सिद्धि नाहीं कीं चमत्कार नाहीं. आणि तरीहि अंगावर कांटा येतो.

वास्तवाचा कल लंडन यांच्याच बाजूस दिसतो. १९८६ सालीं चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, माणसें गेलीं, कुत्रीं मागें राहिलीं. अणुकेंद्रापाशीं राहणारे त्यांचे वंशज सुमारें १५ किलोमीटरांवरील चेर्नोबिल शहरांतल्या कुत्र्यांपासून आनुवंशिक दृष्ट्या वेगळे ओळखतां येतात, असें २०२३ सालच्या एका संशोधनांत दिसून आलें. पण हा फरक किरणोत्सर्गानेंच पडला, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. तेथील कामगार त्यांना खावयास घालीत आले आहेत.

मग टोळी खेळांत आणावी कशी? टॉम मोल्डव्हे यांनीं १९८१ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची जी प्राथमिक आवृत्ति संपादिली, तींत प्रत्येक प्राण्याच्या धैर्याला २ ते १२ पर्यंत एक अंक दिला आहे. पहिला साथीदार पडला किंवा निम्मे पडले, कीं पंचानें दोन फांसे टाकावे. दान त्या अंकाहून मोठें पडल्यास टोळी पळते. आमच्या मतें दहा सिद्धींपेक्षां हा एक अंक अधिक मोलाचा आहे. त्यानें प्राण्याला भीति दिली. आणि भीति असल्यावांचून टोळीला मन येत नाहीं.

या अंकाला आर्काच्या त्या हाताची जोड द्यावी, बाकी सर्व सिद्धि काढून घ्याव्या आणि एक प्रसंग मेजावर मांडून पाहावा. तीन रात्री कुत्रीं प्रवाशांच्या मागें आहेत. विस्तवाच्या उजेडाबाहेर तीं बसून राहतात. चौथ्या रात्रीं कोणी खेळणारा सहज म्हणतो, “मी शीळ घालतों.” पंच क्षणभर थांबतो. टोळींतल्या एकाच म्हाताऱ्या कुत्रीचे कान उभे राहतात आणि बाकीचीं सर्व वळून तिच्याकडे पाहतात.