तेझुकांची बुद्धचित्रकथा आणि जातीचा प्रश्न

जपानी भाषेत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार समजला जातो. जपानमध्ये मात्र प्रौढ वाचकही तो गांभीर्याने वाचतात. या प्रकाराला आधुनिक रूप देणारे ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते. त्यांनी १९७२ ते १९८३ या काळात तथागतांच्या चरित्रावर ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा लिहिली व रेखाटली. सोका गाक्काई या निचिरेन परंपरेतील उपासक संघटनेशी संबंधित असलेल्या प्रकाशनसंस्थेच्या बालनियतकालिकात ती प्रथम क्रमशः येऊ लागली. पुढे जपानीत तिचे १४ खंड झाले, आणि २००३ ते २००५ या काळात ती इंग्रजीत ८ खंडांत आली. आज ती आपल्या तरुणांच्या हाती पोहोचली आहे. अनेक घरांतील मुलांना भगवान बुद्धांचा पहिला परिचय वंदनेच्या पुस्तकातून न होता या चित्रांतून होऊ लागला आहे. म्हणूनच या कृतीची चिकित्सा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही कृती त्रिपिटकाशी तंतोतंत जुळते की नाही, हा आमचा प्रश्न नाही. तेझुकांनी अनेक पात्रे स्वतः निर्माण केली आहेत आणि कलावंताचा तो अधिकार आम्हास मान्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. बुद्धचरित्र सांगताना हा कलावंत जातीच्या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि त्या दृष्टीने पाहणाऱ्या वाचकाला तथागतांचा धम्म कितपत उमगतो?

या चित्रकथेचा पहिला खंड सिद्धार्थाचा नाहीच. तो चाप्रा नावाच्या गुलाम मुलाचा आणि तत्ता नावाच्या बहिष्कृत मुलाचा आहे. राजपुत्राच्या आधी दासाची कथा सांगावी, ही तेझुकांची योजना असामान्य आहे. अश्वघोषापासून चालत आलेल्या बहुतेक चरित्रांत राजवाडा आधी येतो. तेझुका मात्र वाचकाला आधी चाबकाखाली उभे करतात व मगच कपिलवस्तूत नेतात. ज्याने चाप्राचे दुःख पाहिले, त्याला सिद्धार्थाचा शोध कशासाठी होता हे वेगळे सांगावे लागत नाही. या एका योजनेसाठी आम्ही या कृतीला मोठे श्रेय देतो.

चाप्राची कथा बारकाईने वाचली पाहिजे. तो कोसलच्या बुदाई या सेनापतीचा जीव वाचवितो आणि आपला जन्म लपवून त्याचा दत्तक पुत्र होतो. शस्त्रविद्येत तो कुणालाही हार जात नाही. गुण, शौर्य, बुद्धी या कशातच तो उणा नाही. उणा आहे तो केवळ जन्माचा दाखला. आईचे प्रेम हेच त्याच्या मार्गातील संकट ठरते, कारण ती जवळ आली की तो कोण आहे हे उघड होते. शेवटी ते उघड होतेच. चाप्रा आईला अंतर देत नाही आणि दोघांचाही अंत होतो.

ही कथा आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही. शहरात भाड्याचे घर शोधताना आडनाव बदलून सांगणारे, कचेरीत आपल्या वस्तीचे नाव टाळणारे, गावाहून आलेल्या आईची ओळख करून देताना संकोचणारे तरुण आपण पाहिले आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण ज्या समाजात खरे सांगितल्याने दार बंद होते त्या समाजाचा तो दोष आहे. परंतु तेझुकांनी नकळत एक सत्य दाखविले आहे. जात लपविणारा मनुष्य जातिव्यवस्थेला धक्का देत नाही. तो तिच्या वरच्या पायरीवर चोरपावलांनी चढतो आणि पायऱ्या तशाच राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो मार्ग दाखविला तो नेमका याच्या उलट आहे. तेथे लाखोंच्या साक्षीने, उघड्या मैदानावर पायऱ्यांची ती चळतच नाकारली गेली. चाप्राला असा संघ लाभला असता, तर त्याला आई आणि प्रतिष्ठा यांतून एकाची निवड करावी लागली नसती. तेझुकांच्या कथेत हा संघ फार उशिरा येतो, आणि आला तरी न्हावी उपाली किंवा रस्ते झाडणारा सुनीत संघात आल्याने समाजरचनेत कोणती उलथापालथ झाली, हा विचार कथेच्या केंद्रस्थानी येत नाही.

तपशिलाविषयीही काही आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. या कृतीत शूद्र म्हणजे गुलाम असे सरसकट समीकरण मांडलेले आहे आणि त्याच्याही खाली ‘पारिया’ दाखविले आहेत. पालि साहित्यात शूद्र हा वर्ण आणि दास ही स्थिती यांचा उल्लेख स्वतंत्रपणे येतो, तर हीन मानल्या गेलेल्या समूहांची नावे चांडाल, पुक्कुस, नेसाद, वेन, रथकार अशी आहेत. ‘पारिया’ हा शब्द तमिळ प्रदेशातील एका जातिनामावरून युरोपीय भाषांत रूढ झाला. बुद्धकालीन मगध-कोसलात तो नव्हता. शिवाय तत्ताला पशूंच्या देहात शिरण्याची शक्ती दिली आहे. कलावंताचा हेतू सर्व सजीवांची एकता सांगण्याचा असला, तरी ज्यांना शतकानुशतके पशूंच्या पंक्तीला बसविले गेले, त्यांच्याच प्रतिनिधीला ही शक्ती द्यावी, हे आम्हास खटकते.

गृहत्यागाच्या प्रकरणात आमचा मतभेद अधिक मूलभूत आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रारंभीच विचारले आहे की, एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोपर्यंत वृद्ध, रोगी व मृत पाहिलाच नाही, हे बुद्धीला पटते काय? त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले. सिद्धार्थाने संघसभेत युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करला. तेझुकांचा सिद्धार्थ बालपणापासून मृत्यूच्या विचाराने व्याकूळ आहे. मिगाइला या दरोडेखोर तरुणीवर तो प्रेम करतो आणि तिचे डोळे जाळले जातात. वर्णभेदाची चीड त्याला आहे, पण ती व्यथेच्या रूपाने राहते, सभेतील भूमिका होत नाही. त्यातच ब्रह्मा वृद्धाच्या रूपाने येऊन त्याला मार्ग दाखवितो. जो धम्म मनुष्याला स्वतःचा दीप होण्यास सांगतो, त्याच्या संस्थापकालाच देवाच्या बोटाला धरून चालावे लागावे, ही विसंगती लहान नाही.

तरीही कथेच्या अखेरच्या भागात तेझुका उंची गाठतात. कोसलराज प्रसेनजिताला शाक्यांनी राजकन्या म्हणून दासीकन्या दिली. तिचा पुत्र विडूडभ याने पुढे शाक्यांचा संहार केला. अट्ठकथेनुसार तो कपिलवस्तूत येऊन गेल्यावर त्याने वापरलेले आसन दूध-पाण्याने धुतले गेले होते. बुद्धाच्या स्वतःच्या कुळाचा नाश कुलाभिमानाने झाला, याहून कठोर धडा कोणता? तेझुकांनी हा धागा सोडला नाही. त्यांचा तत्ता या युद्धात सूडाच्या आगीत पडतो आणि तथागतांचा शब्दही त्याला थांबवू शकत नाही. अपमान झालेल्याचा क्रोध न्याय्य असूनही त्याला भस्म करतो, हे तेझुकांनी आमच्या समाजालाही सांगितले आहे.

एक प्रश्न जपानलाही विचारला पाहिजे. १८७१ च्या आदेशाने तेथील बहिष्कृतांना कायद्याने समान ठरविले, तरी बुराकु वस्त्यांतील लोकांचा छळ संपला नाही आणि १९२२ मध्ये त्यांना क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारावी लागली. बौद्ध विहारांनीही त्यांच्या मृतांना हीनतादर्शक मरणोत्तर नावे दिली होती. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुखाने असा भेदभाव जपानमध्ये नाहीच, असे सांगितले. पुढे त्या पंथाला आपली चूक मान्य करावी लागली. साम्पेइ शिराटो यांनी ‘कामुइ-देन’ (१९६४–१९७१) या चित्रकथेत जपानचाच बहिष्कृत मुलगा नायक केला होता. तेझुकांनी जात दूरच्या, प्राचीन भारतात दाखविली. त्यामुळे जपानी वाचकाला चाप्रासाठी रडून स्वतःच्या गावातील वस्ती विसरण्याची सोय राहिली. बौद्ध म्हणविणारा समाज आपोआप जातिमुक्त होत नाही, हा बोध आपणही घेतला पाहिजे.

मग ही कृती मुलांना द्यावी काय? आमचे मत आहे, अवश्य द्यावी, परंतु एकटी देऊ नये. रविवारच्या संस्कारवर्गात चाप्राचे प्रकरण वाचून दाखवावे आणि मुलांना विचारावे की, त्याने आईला लपविण्याऐवजी काय करावयास हवे होते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी कोण असावयास हवे होते? त्यानंतर बाबासाहेबांच्या ग्रंथातील रोहिणीच्या पाण्याचे प्रकरण वाचावे. दोन्ही वाचलेल्या मुलाला करुणा आणि न्याय यांतील नाते समजेल. तेझुकांनी करुणेचे चित्र सामर्थ्याने रेखाटले आहे. त्यात न्यायाची रेषा भरणे हे आपले काम आहे.