पाद्री आणि त्याची मंडळी

सिंक्लेअर ल्यूइस यांची ‘एल्मर गँट्री’ ही कादंबरी १९२७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां अमेरिकेंतील अनेक प्रॉटेस्टंट पाद्री खवळले. बोस्टन शहरांत तर तिच्या विक्रीस बंदी झाली. आपल्या वर्गाची बदनामी झाली, हें त्यांचें दुःख. परंतु पुस्तक लक्षपूर्वक वाचणारास दिसेल कीं, त्यांतील मुख्य आरोपी पाद्री नव्हेच.

गँट्री मद्यासक्त, स्त्रीलंपट आणि भरदार आवाजाचा धनी. आधीं बॅप्टिस्ट, पुढें मेथॉडिस्ट. पंथ सुटला, व्यासपीठ सुटलें नाहीं. त्याच्या मनांत झगडा असा कधीं होतच नाहीं, आणि म्हणून मधलीं शेंकडों पानें (स्पष्टच सांगावयाचें तर) कंटाळवाणीं होतात. शेवट मात्र विलक्षण आहे. त्याचें एक प्रकरण उघडकीस येतें, तें युक्तीनें दडपलें जातें, आणि दुसरे दिवशीं सारी मंडळी त्याच्यासवें गुडघे टेकून रडते. त्याच क्षणीं गायकवृंदांतील एका नव्या मुलीच्या घोट्यांवर त्याची नजर जाते! रडणारांपैकीं एकालाही ती दिसत नाहीं.

उलट फ्रँक शॅलर्ड हा शंकेनें पोळलेला प्रामाणिक धर्मोपदेशक. तो चर्च सोडतो, आणि धर्मवेड्यांच्या मारानें दृष्टीस मुकतो. ल्यूइस त्याला थोडक्यांत आटोपतात. त्यांनीं कादंबरी शॅलर्डची लिहावयास हवी होती.