'एकजीव होईपर्यंत' म्हणजे किती वेळ?

पहिल्या वेळी माझे खिम्याचे गोळे रश्शात विरघळले. 'फुटले' म्हणणं सौम्य होईल. झाकण काढलं तेव्हा बारापैकी तीन कसेबसे गोल होते, बाकीच्यांचा खिमा-रस्सा झाला होता. रूममेटनं तो पावाबरोबर आनंदानं खाल्ला. मला मात्र राग आला, आणि तो स्वतःपेक्षा रेसिपीचा जास्त होता. मी सगळं शब्दशः केलं होतं. अर्धा किलो मटणाचा खिमा, आलं-लसूण, हिरवी मिरची, दोन चमचे डाळ्याचं पीठ, मीठ चवीनुसार. सगळं एकजीव करायचं आणि लिंबाएवढे गोळे वळायचे.

एकजीव म्हणजे किती? दोन मिनिटं की दहा? ऑफिसात मी दिवसभर रिक्वायरमेंट वाचतो. 'सिस्टिम फास्ट हवी' असं कोणी लिहिलं तर आम्ही ते परत पाठवतो: फास्ट म्हणजे किती मिलिसेकंद ते सांगा. त्या रात्री मी ठरवून टाकलं, मराठी पाककृती म्हणजे आळशीपणे लिहिलेली रिक्वायरमेंट. हा लेख मुळात त्या आरोपाचा होणार होता.

मग पुढचे पाच-सहा रविवार गोळे करण्यात गेले, आणि आरोपाची दिशा बदलली.

गोळा धरून ठेवतं कोण? माझी समजूत होती की अंडं किंवा पीठ. पण खरं काम मटणातल्या मायोसिन नावाच्या प्रथिनाचं असतं. मीठ लागलं की ते सुटं होतं, मळल्यावर चिकट होऊन खिम्याच्या कणांना बांधतं आणि उष्णतेनं घट्ट होतं. खिमा गार हवा, कारण हाताच्या उबेनं चरबी पाघळली की ती या बांधणीच्या आड येते. अर्धा किलोला आठ-नऊ ग्रॅम मीठ घालून फ्रीजमधला खिमा मी मळत राहिलो. एका क्षणी तो बदलला. कण-कण दिसणं थांबलं, भांड्याच्या कडा सोडून तो हाताला धरायला लागला. पंजा उलटा केला तरी मूठभर खिमा खाली पडेना. त्या दिवशी बाराच्या बारा गोळे रश्शातून सलामत बाहेर आले.

एकजीव हा शब्द तेव्हा पुन्हा वाचला. तो मोघम नाहीच. खिमा किती गार आहे, चरबी किती आहे यावर वेळ बदलते, त्यामुळे 'सहा मिनिटं' लिहिणं उलट चुकीचं ठरलं असतं. 'एकजीव होईपर्यंत' ही थांबण्याची अट आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हाइल लूप. रेसिपीत खरी चूक आहे ती 'मीठ चवीनुसार' या दोन शब्दांत. इथे मीठ चवीपुरतं नसतंच, ते बांधकामाचं साहित्य आहे. शिवाय कच्चा खिमा कोण चाखून बघणार?

गंमत म्हणजे प्रत्येक गोळ्याचा एकजीवपणा वेगळा. स्वीडिश गोळ्यांमध्ये दुधात भिजवलेला पाव किंवा ब्रेडक्रम्स घालतात. तो प्रथिनांच्या मधे बसतो, पाणी धरून ठेवतो आणि गोळा मऊ होतो. तिथे जास्त मळलं तर रबर. चीनच्या हुआयांग स्वयंपाकातल्या 'सिंहाच्या डोक्या'साठी डुकराचं मांस सुरीनं बारीक तुकडे करून घेतात, त्याचा लगदा करत नाहीत. तुकडे जिभेला वेगळे लागावेत हीच तर अपेक्षा. काश्मीरचा गुश्ताबा अगदी दुसऱ्या टोकाला. मटण आणि चरबी दगडावर लाकडी मोगरीनं इतकी कुटतात की मांसाचा धागाही उरत नाही. 'कोफ्ता' या शब्दाच्या मुळाशीही फारसीतली कुटण्याची क्रियाच आहे.

तर शब्द बरोबर होता. मग तो मला का कळला नाही?

रील्सकडे बघू, कारण आपण सगळे तिथेच शिकतो. खिमा भांड्यात पडतो, वरून मसाले पडतात, कट, आणि ताटात बारा सारखे गोळे. नेमका मळण्याचा भाग कापलेला. तो कंटाळवाणा दिसतो हे मान्य, पण डिश तर तिथेच होते. म्हणजे पुस्तक त्या कामाला एक शब्द देतं आणि रील तोही देत नाही.

पुस्तकांचंही थोडं तपासू. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या 'रुचिरा'नं मराठी स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप दिलं, आणि ते मोठंच काम होतं. पण हाताचं माप वाटीत मावत नाही. इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी 1891 मध्ये स्वखर्चानं काढलेलं पाकशास्त्राचं पुस्तक आजही छापलं जातं. मांसाच्या गोळ्यांपाशी येऊन ते थट्टा करतात, की हे काय शिकवायचं, हे तर सगळ्यांना येतंच. सगळ्यांना म्हणजे कोणाला? आर्तुसी व्यापारी होते. त्यांच्या पाककृती प्रत्यक्ष करून बघणाऱ्यांमध्ये घरच्या स्वयंपाकीण मारिएत्ता साबातिनी होत्या. आर्तुसींनी एका पाककृतीला त्यांचं नाव दिलं, मृत्युपत्रात पुस्तकाच्या हक्कांत वाटाही ठेवला. माणूस कृतज्ञ होता यात शंका नाही. तरीही लेखणी त्यांची आणि पीठ लागलेले हात दुसऱ्याचे.

गुश्ताब्याचं तसं नाही. तो कुटणारे 'वाझा' पुरुष असतात. त्यांच्या कामाला पेशाचं नाव आहे, दगड आणि मोगरी आहे, मेजवानीत मानाचा शेवटचा क्रम आहे. तेच मळणं घरातल्या बाईनं केलं की कागदावर त्याचा एक शब्द होतो.

आणि तो शब्द एका विशिष्ट वाचकासाठी असतो. लहानपणापासून कोणाच्या तरी शेजारी उभं राहून खिमा मळलेली मुलगी. तिला एकजीव समजावून सांगावं लागत नाही, आठवण करून दिली की पुरतं. तो वाचक मी नव्हतो. सांगलीच्या घरी रविवारी मटणाचे गोळे असायचे तेव्हा आई मला म्हणायची, "तू जा, अभ्यास कर." सीईटीचं वर्ष होतं. ताईचंही बीकॉमचं शेवटचं वर्ष होतं, पण तिला हाक जायची.

बारा गोळे जमले त्या दिवशी मी ताईला व्हिडिओ कॉल केला. पंजा उलटा करून दाखवला, मायोसिनही समजावलं. ती हसली. "अरे, आई म्हणायची ना, हाताला चावायला लागला की सोड." हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. एका ओळीत तिनं माझे सहा रविवार सांगून टाकले होते.

मी म्हणालो, "मला कोणी शिकवलंच नाही गं. कायम बाहेर पाठवायचे."

"हो, तुला बाहेर पाठवायचे," ती म्हणाली. "आणि मला कोणी विचारायचं का, की तुला यायचंय का आत?"

मग तिचा कुकर झाला, आणि तिनं फोन ठेवला.