जीपीएस किलोमीटर का वाढवतं?

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गेलो. सायकली बोटीवर, आम्ही कठड्याला टेकून वारा खातोय. हँडलवरच्या जीपीएसने मात्र ती खाडीसुद्धा इमानदारीत मोजली आणि 'सायकलिंग'मध्ये जमा केली! ही चूक दिसते, संध्याकाळी खोडताही येते. न दिसणारी जास्त छळते, आणि आजचा पेपर तिच्याबद्दल आहे.

पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांचा हा लेख २०१६ चा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ जिओग्राफिकल इन्फर्मेशन सायन्स'मधला. म्हणणं एवढंच: जीपीएसने नोंदलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा जास्त भरतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलं नाही. चूक कधी पुढे, कधी मागे, शेवटी फिट्टंफाट व्हायला हवी ना? तर पुढे-मागे होणारी चूक होतेच फिट्टंफाट. डावी-उजवीकडची होत नाही. सरळ रस्त्यावर बिंदू डावीकडे पडला काय किंवा उजवीकडे, रेघ नागमोडीच होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार.

मग आकडा दुप्पट-तिप्पट का होत नाही? लेखाचा खरा जीव इथे आहे. हातातलं यंत्र उघड्या आकाशाखालीही काही मीटर चुकतं. कयाक ताशी ५ किमीने चालली तर सेकंदाला जेमतेम १.४ मीटर सरकते. म्हणजे चूक चालीपेक्षा मोठी! दर सेकंदाची चूक स्वतंत्र असती तर अंतर कैच्या कै आलं असतं. पण लागोपाठच्या चुका सख्ख्या बहिणी असतात. आत्ता यंत्र तीन मीटर पूर्वेला चुकत असेल, तर पुढच्या सेकंदालाही साधारण तितकंच पूर्वेला चुकतं, आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. हे साधर्म्य किती आहे, यालाच लेखक डेटाच्या दर्जाचं माप मानतात. मला हे फार आवडलं. आपण दुकानात विचारतो, 'किती मीटर अचूक?' अंतरासाठी तो प्रश्नच अपुरा आहे.

आता तक्रार. लेखकांनी पडताळा घेतला तो पायी चालणाऱ्यांच्या आणि मोटारींच्या, दाट नोंदलेल्या डेटावर. बिंदू दाट असतील तरच हा निष्कर्ष लागू, हे ते स्वतःच सांगतात. पण लांबच्या सायकल सहलीत दाट नोंद ठेवतो कोण? बॅटरी आणि मेमरी वाचवायला यंत्र 'ऑटो'वर असतं, बिंदू विरळ पडतात, घाटातली वळणं कापली जातात आणि अंतर उलट कमी भरतं. एकाच दिवसात सरळ रस्त्यावर वाढ, घाटात घट. स्क्रीनवर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत ठाम आकडा! यंत्र बनवणाऱ्यांनी तिथे एक '±' द्यायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

सायकलला निदान चाक आहे. परीघ गुणिले फेरे, झाला पडताळा. कयाकला तेही नाही, आणि खालचं पाणीच चालतं. ओहोटीविरुद्ध मी ताशी ५ ने वल्हवतोय आणि पाणी ३ ने उलट येतंय, तर जीपीएस २ दाखवणार. जमिनीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, माझ्या खांद्यांना विचाराल तर साफ खोटं. उलट वल्हं मांडीवर ठेवून वाहत गेलो तर ते फुकटचे मीटर जमा. 'खरं अंतर' एकच असतं, हे लेखाचं गृहीतक खाडीत डळमळतं.

पलीकडचा काठ वेपॉइंट करून नुसत्या बाणामागे गेलात तर आणखी गंमत. प्रवाह आडवा ढकलत राहतो, बाण थोडा थोडा फिरत राहतो, नाक कायम काठाकडे असूनही वाट कमानीसारखी वाकते आणि शेवटी प्रवाहाच्या तोंडावर वल्हवावं लागतं. हे अंतर मात्र यंत्राने फुगवलेलं नसतं. ते आपणच वाढवलेलं.

पुढच्या वेळी एकाच कयाकवर दोन यंत्रं बांधणार आहे, एक दर सेकंदाच्या नोंदीवर आणि दुसरं 'ऑटो'वर. ट्रॅक इथेच टाकेन.