पांघरणाऱ्यांचें वाङ्मय

मराठी गद्यांत आजी आली कीं तिच्या मागोमाग गोधडी येते, हें आतां इतकें ठरून गेलें आहे कीं वाचकाला त्याचें नवल वाटेनासें झालें आहे. दिवाळी अंकांतील आठवणी पाहाव्या, ललित निबंध पाहावे, ग्रामीण कथा पाहाव्या. नातवंडें थंडीनें कुडकुडत असतात, आजी त्यांना आपल्या गोधडींत घेते, जुन्या लुगड्याचा वास येतो, गोष्ट सुरू होते आणि लेखकाचे डोळे पाणावतात. पुढें आजी जाते, गोधडी मागें राहते आणि लेख संपतो. ह्या लेखनांतील जिव्हाळ्याविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. ज्या उबेची ही मंडळी आठवण काढतात ती उब खरीच होती. आमची तक्रार निराळी आहे. हें सारें लेखन एकाच बाजूनें झालेलें आहे. गोधडी ज्यानें पांघरली त्यानें तें लिहिलें. जिनें ती शिवली तिच्या बाजूनें पाहण्याचा प्रयत्न आमच्या वाचनांत फारसा आलेला नाहीं.

हिंगोली जिल्ह्यांत सेनगांव तालुक्यामध्यें साखरा नांवाचें गांव आहे. अशा गांवाच्या संदर्भांत हा विचार आम्हांस विशेष जाणवतो. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होता, आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा परभणीपासून वेगळा निघाला तो १९९९ सालीं. परंतु वाङ्मयाच्या इतिहासांत ह्या भूमीचें स्थान फार जुनें आहे. ह्याच जिल्ह्यांतील नर्सी हें परंपरा नामदेवांचें जन्मस्थान मानते. नामदेव जातीनें शिंपी होते, आणि गज, कातर, सुई, दोरा हीं आपल्या धंद्याचीं साधनें त्यांनीं भक्तीच्या भाषेंत सहज आणून सोडलीं. शिखांच्या ग्रंथसाहिबांत त्यांचीं जीं एकसष्ट पदें घेतलेलीं आहेत त्यांतही हें शिंपीकाम भेटतें. म्हणजे सुईला काव्यमंदिरांत प्रवेश मिळून सातशें वर्षें होत आलीं. मात्र ती सुई शिंप्याची, नव्या कापडावर चालणारी होती. घरांतल्या म्हातारीची, जुनेरावर चालणारी सुई त्या मंदिराच्या बाहेरच राहिली.

ह्यावर कोणी जनाबाईच्या वाकळेचा दाखला देईल. गंगाखेडची जनी ह्याच परिसरांतली. देव रात्रीं तिच्या खोपटांत येतो, पहाटे घाईघाईनें निघतांना स्वतःचें पदक तेथेंच विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून देवळांत जातो. मग तिच्यावर चोरीचा आळ येतो, सुळाची शिक्षा होते, आणि शेवटीं त्या सुळाचें पाणी होतें, ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. चिंध्यांच्या वस्त्राचा याहून मोठा गौरव आमच्या परंपरेंत दुसरा झालेला नाहीं. तरीही पाहावें, कीं येथेंसुद्धां वाकळेला मोठेपण आलें तें देवानें ती पांघरली म्हणून. जनीनें दळणकांडणांतून वेळ काढून ती केव्हां शिवली, चिंध्या कोठून जमविल्या, हें विचारण्याचें कथाकारांस सुचलें नाहीं. देवसुद्धां शेवटीं पांघरणाराच ठरला.

आतां शिवणारणीच्या बाजूस जाऊन बसूं. साखऱ्यासारख्या गांवांतील जुन्या घरीं असते तशी एक गोधडी वाचकांनीं डोळ्यांसमोर आणावी. चैत्र-वैशाखांत शेतीचीं कामें उरकलेलीं असतात, पाऊस दूर असतो, आणि दुपार लांब असते. प्रथम एक धड जुनेर जमिनीवर ताणून अंथरावयाचें. त्यावर धोतराचे, परकराचे, सदऱ्याचे तुकडे एकाशेजारीं एक लावीत जावयाचें; जेथें थर विरळ तेथें जाड तुकडा, जेथें शिवण आधींच दाट तेथें पातळ. वर पुन्हां एक लुगडें. मग थर हलूं नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके, आणि त्यानंतर खरें काम: कांठापासून निघून चारी बाजूंनीं आंत आंत जाणारा बारीक धांवदोरा, चौकोनांत चौकोन, थेट मध्यापर्यंत. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात. ढिला सोडला तर रात्रीं पायाचा अंगठा त्यांत अडकतो. हा ताण कोणत्याही पुस्तकांत सांगितलेला नसून बोटांत असतो.

त्यांत रचनेचाही विचार आहे. लुगड्याचे कांठ वायां न घालवितां ते चौकटीसारखे बाहेरच्या बाजूस येतात. पदर बहुधा दिसेल असा ठेवतात. तोंडाकडे येणारी बाजू मऊ, पुष्कळ धुतलेल्या सुताची हवी. पायांकडे राठ कापड चालतें. ज्या कृतींत प्रत्येक भागाची जागा त्याच्या गुणावरून ठरते, तिला रचना म्हणावयाचें नाहीं तर कशाला म्हणावयाचें? आणि तिची टीकाही होत असते. शेजारीण आली कीं गोधडीचा कोपरा उलटून पाहते. वरची बाजू कोणीही सजवील, टाक्याची खरी परीक्षा पाठीमागें होते, हें तिला ठाऊक असतें. पुढें नवरात्रापूर्वीं दसरा काढतांना साऱ्या गोधड्या पाण्यावर जातात. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाहीं. दोघी मिळून ती पिळतात, आणि जो टाका कच्चा होता तो तेथें उघडा पडतो. दरवर्षीं इतक्या कडक परीक्षेस बसणारें ललित लेखन आमच्याकडे किती आहे, हें वाचकांनींच सांगावें.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. हा मुलूख कापूस पिकविणारा. तरीही गोधडींत कापूस नसतो. कापूस बाजारांत जातो. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली दुलई ज्यांना परवडते त्यांच्या घरीं जाते. ज्यांच्या शेतांत तो पिकला त्यांच्या अंगावर चिंध्यांचे थर येतात. गोधडीचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनीं हा हिशेब क्वचितच मांडला आहे. गोधडी मायेनें शिवली हें खरें, परंतु ती गरजेनेंही शिवली. आणि तिच्यापायीं डोळे गेले, पाठ वांकली, हेंही तितकेंच खरें. मायेचाच उल्लेख करून गरजेचा न करणें ही सभ्यपणें केलेली लबाडी होय.

शहरांतील मध्यमवर्गीय आजीचें चित्र थोडें वेगळें आहे. तिच्या हातीं लोकरीच्या सुया असतात. हें विणकाम आमच्याकडे मुख्यतः शाळांच्या आणि स्त्रीसंस्थांच्या वाटेनें आलें. पुण्याच्या सेवासदनासारख्या, १९०९ सालीं निघालेल्या संस्थांनीं शिवण-टिपण हा स्त्रीशिक्षणाचा भाग मानला, आणि पुढें विणकामाचीं पुस्तकेंही निघालीं. त्यामुळें विणणाऱ्या आजीस शास्त्र मिळालें: इतके टांके सुलट, इतके उलट, येथें दोन एकत्र. गोधडीस असें पुस्तक मिळालें नाहीं. पण दोन्ही कलांचा स्वभाव तुलनेस घेण्याजोगा आहे. विणलेलें उसवतां येतें. थोरल्या नातवाचा आंखूड झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, तीच धाकट्यासाठीं पुन्हां सुईवर चढते. मागील आकृतीचा मागमूस राहत नाहीं. गोधडी उसवीत नाहींत. ती जीर्ण झाली कीं तिच्यावर नवें लुगडें घालून तीच नव्या गोधडीचा गाभा करितात. एकीचा मार्ग संशोधनाचा, दुसरीचा परंपरेचा. मराठी साहित्यानें आपल्या जुन्या ग्रंथांशीं कसें वागावें ह्यावर पानेंच्या पानें खर्च करणाऱ्या टीकाकारांस हे दोन दृष्टांत घरच्या घरीं उपलब्ध होते. त्यांनीं ते उचलले नाहींत.

स्त्रियांच्या हातच्या सर्वच गोष्टींची आम्हीं अशी उपेक्षा केली असें मात्र नाहीं. जात्यावरच्या ओवीचें भाग्य वेगळें निघालें. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवना’साठीं ओव्या जमविल्या, अलीकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेविल्या. आणि गंमत अशी कीं, ‘ओवी’ ह्या शब्दाचा संबंध ‘ओवणें’ ह्या क्रियेशीं जोडण्याचा प्रघात आहे. जिनें शब्द ओवले तिची वही भरली. तिनेंच दुपारीं सुईंत दोरा ओवून जें केलें त्याची कोणीं नोंद घेतली नाहीं. कारण उघड आहे. ओवी ऐकून लिहून घेतां येते. गोधडी वापरून संपते, आणि संपणें हेंच तिचें काम.

परंतु संपणाऱ्या वस्तूचेंही वाङ्मय होऊं शकतें, हें बंगालनें दाखविलें आहे. तेथील कांथा म्हणजे आमच्या गोधडीची सख्खी बहीण. जुन्या साड्यांचे थर आणि धांवदोरा. जसीमुद्दीन ह्या कवीनें १९२९ सालीं ‘नक्शी कांथार माठ’ हें कथाकाव्य प्रसिद्ध केलें. त्यांतील विरहिणी आपल्या संसाराची सारी कहाणी कांथेवर टाक्यांनीं काढते आणि ती कांथा आपल्या कबरीवर अंथरावयास सांगते. येथें शिवणारीच नायिका आहे आणि टांका हीच तिची भाषा आहे. दहा वर्षांनीं, १९३९ सालीं, स्टेला क्राम्रिश ह्या कलापंडितेनें कांथेवर स्वतंत्र निबंध लिहिला. गुरुसदय दत्त ह्यांनीं जमविलेल्या कांथा आज कलकत्त्याजवळ संग्रहालयांत आहेत. दूर अमेरिकेंत, अलाबामा प्रांतांतील जीज बेंड ह्या वस्तींतील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनीं जुन्या कामकरी कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ सालीं मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि चित्रकलेचे जाणकार त्यांपुढें थबकले. बंगालला कवि मिळाला, संग्राहक मिळाला, टीकाकार मिळाला. आमच्या गोधडीस मात्र नातूच मिळाला, आणि तोही तिच्याखालीं झोंपलेला!

ह्यावर एक आक्षेप येईल. ज्या म्हातारीनें गोधडी शिवली तिला तुम्ही कलावती म्हणालांत तर ती तोंडाला पदर लावून हसेल. तिला उबेपलीकडे कांहीं नको होतें. हें आम्ही मान्य करितों. परंतु उपयोग हा कलेचा शत्रु नव्हे. ओवी दळण हलकें व्हावें म्हणूनच गाइली गेली, आणि तरीही ती काव्य ठरली. ‘श्यामच्या आई’मध्यें पत्रावळीचें एक प्रकरण आहे. श्यामला पत्रावळ लावतां येत नाहीं एवढेंच त्याचें निमित्त. पण पत्रावळ लावतां येणें ही शिकण्याजोगी गोष्ट आहे, असें ती आई मानते, आणि म्हणूनच तें प्रकरण नुसत्या गहिंवरापेक्षां वरचें झालें आहे. वस्तु कशी होते हें लेखकानें पाहिलें कीं माणूसही दिसूं लागतो.

ही निकड आज अधिक आहे. गोधडीचा कच्चा माल म्हणजे सुती नऊवारीचें जुनेर. तें लुगडेंच खेड्यापाड्यांतून दिसेनासें होत चाललें. कृत्रिम धाग्याच्या साड्या थरांत सरकतात, घाम शोषीत नाहींत आणि कितीही धुतल्या तरी सुतासारख्या मऊ होत नाहींत. बाजारांत गुबगुबीत ब्लँकेट स्वस्त मिळतें. तें घेणाऱ्या सुनेस दोष देणें अन्यायाचें होईल, कारण तिच्या डोळ्यांचे कष्ट वांचतात. दुसरीकडे शहरांतील दुकानांत गोधडी हस्तकलेच्या नांवाखालीं नव्या कापडाची होऊन बसली आहे. तिच्यांत टांके सुबक असतील. परंतु हा तुकडा कोणाचा, असें तिला विचारतां येत नाहीं.

आणि हा प्रश्नच आमच्या मतें गोधडीचें खरें वाङ्मय आहे. रात्रींच्या गोष्टी पुष्कळ लिहून झाल्या. पण आजी आणि नातवंडें ह्यांचा खरा सहवास घडे तो दुपारीं, अंथरलेल्या जुनेराभोंवतीं. हा तुकडा कोणाचा, म्हणून पोर विचारी. हा तुझ्या आजोबांच्या धोतराचा. हा आत्याच्या परकराचा, ती सासरीं गेली त्या वर्षाचा. आणि हा एक, ज्याच्याविषयीं आजी कांहीं न बोलतां दोरा पुढें नेई. घराचा जो इतिहास कागदावर कोणीं लिहिला नाहीं तो येथें टाक्यांनीं बांधून ठेविला जाई, आणि त्यांत स्त्रियांचीं नांवें पुरुषांच्या बरोबरीनें येत.

साखऱ्यांत काय किंवा दुसऱ्या कोठें काय, ज्या घरीं अशी म्हातारी आहे त्या घरच्या लिहित्या मंडळीस आमचें एवढेंच सांगणें आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठीं तिच्या मायेवर लिहिण्यापूर्वीं एक दुपार तिच्याजवळ बसावें, गोधडी उलटी करून पाहावी आणि एकेका तुकड्याचें नांव विचारावें. तिला आतां दिसत नसेल, तर सुईंत दोरा ओवून द्यावा. लहानपणीं तें काम आपलेंच होतें. एरवीं लिहावयास बसलों कीं तेंच नेमकें आपण विसरतों.