राष्ट्रीय आरोग्यव्यवस्था आणि पुनर्वसन सेवा : एक चिकित्सा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची पाहिली असता एक लक्षणीय बाब निदर्शनास येते. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय सहाव्या नोंदीत आहे, तर अपंग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य स्वतंत्रपणे नवव्या नोंदीत आहे. उपचार आणि पुनर्वसन यांची ही ताटातूट पुढे प्रशासनातही रुजली. हाजी अली येथील, १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. वांद्रे येथील १९८३ ची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाच्या. पक्षाघाताच्या एकाच रुग्णाला हातापायांची हालचाल आणि वाचा ही दोन्ही परत मिळवायची असतात, याचा विचार ही विभागणी करताना झालेला दिसत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. तथापि याच कायद्याच्या कलम २७ मध्ये पुनर्वसन सेवांची जबाबदारी शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून पार पाडावयाची आहे. हक्काच्या कायद्यात शिरलेली ही सवलत लहान नाही. शस्त्रक्रियेचा खर्च अपरिहार्य मानला जातो आणि त्यानंतरचा व्यायाम ऐपतीनुसार, असाच तिचा व्यवहारातील अर्थ होतो.

२०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत हा दृष्टिकोन अधिक स्पष्टपणे दिसतो. प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देणारी ही योजना मूलतः आंतररुग्ण उपचारांसाठी आहे. रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच तीत समाविष्ट होतो. पक्षाघात झालेल्या शेतमजुराचे खरे काम सोळाव्या दिवसानंतरही महिनोन्महिने चालू राहते. त्यासाठी त्याला आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले, तर एसटीच्या भाड्याबरोबर सोबत येणाऱ्या माणसाची मजुरीही बुडते. परिणामी उपचार मध्येच सुटतात आणि कागदोपत्री 'यशस्वी' ठरलेला रुग्ण घरी खाटेवरच राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २.६८ कोटी दिव्यांगांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

साहाय्यक साधनांच्या वाटपाची कथा फारशी निराळी नाही. १९८१ पासूनच्या केंद्रीय योजनेतून शिबिरे भरतात, साधने वाटली जातात, छायाचित्रेही निघतात. परंतु कृत्रिम पाय बसविल्यावर चालण्याचा सराव लागतो, कालांतराने तो दुरुस्त करावा वा बदलावा लागतो. शिबिराचा मंडप उठल्यावर हे कोणी करावयाचे, याचे उत्तर तालुकापातळीवर सहसा मिळत नाही.

मनुष्यबळाबाबत राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा २०२१ चा कायदा महत्त्वाचा आहे. भौतिकोपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञांना त्यामुळे राष्ट्रीय स्तरावर वैधानिक चौकट लाभली. मात्र ग्रामीण रुग्णालयात त्यांचे पद निर्माण करणे व ते भरणे हा निर्णय राज्याच्या आरोग्य विभागाचा असून, आयोगाच्या नोंदवहीतून ते पद निर्माण होत नाही.