ओंजळीच्या आधी आणि नंतर

दर वर्षी २० मार्चला महाडला जनसागर लोटतो. निळे झेंडे, शाहिरांची गाणी, पुस्तकांची दुकाने. माणसे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात आणि परततात. १९२७ ची कृती अशी दर वर्षी पुन्हा घडते. आपल्याच माणसांनी पदरमोड करून हा दिवस जपला आहे. म्हणून त्याची चिकित्साही आपणच केली पाहिजे.

ज्या आईला पाणवठ्यावर वरून ओतलेले पाणी प्यावे लागले, तिच्या लेकीसाठी ती ओंजळ कर्मकांड नाही, हे आधीच मान्य करतो. प्रश्न वेगळा आहे. आपण ओंजळ तेवढी पुन्हा घडवतो. तिच्या आधीचे आणि नंतरचे महाड कुठे जाते?

आधी कागद होता. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव. तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. बाबासाहेब तळ्यावर गेले ते मिळालेला हक्क बजावण्यासाठी. नंतर काय झाले? परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला, तळ्यावर पुन्हा जाणे तहकूब झाले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीपाठी दहा वर्षांची कोर्टकचेरी! त्या चिकाटीवर आपण गाणी रचत नाही.

हे मी धसईत बसून लिहितो आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा मुंबईची तहान भागवतात. त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथे विटाळाचा शब्द कोणी उच्चारत नाही. योजना, निधी, मंजुरी असे सभ्य शब्द आहेत. पण पाणी कोणाच्या दारापर्यंत येते आणि कोणाच्या अलीकडेच थांबते, हा प्रश्न महाडचाच आहे.

महाडहून परतलेल्या कार्यकर्त्याने २१ मार्चला आपल्या ग्रामपंचायतीत जावे. पाण्याविषयीचे जुने ठराव मागावेत, वाचावेत, किती अमलात आले ते ग्रामसभेत विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विचारावे. १९२७ चे महाड तिथूनही पुन्हा घडवता येते.